डॅरलला घरातून हलवू नये

सोमवार, ४ फेब्रुवारी २०१९

झडप बदलावी लागणार. हृदयाची. डॉक्टर नळाबद्दल बोलावं तसं बोलला — "मिसेस रपोझो, जुनी झाली, नीट उघडत नाही." इथे हिलोत होत नाही, विमानाने दुसऱ्या बेटावर, होनोलुलूला जावं लागेल. तारीख पण देऊन मोकळा. २६ मार्च.

मी विचारलं, यात माणसं मरतात का? म्हणाला, शंभरातली सत्त्याण्णव ठणठणीत घरी जातात. मला फक्त उरलेली तीन ऐकू आली.

बाहेर डॅरल खुर्चीत बसून मासिकातली विमानं बघत होता. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, केस पिकायला लागलेत. "मॉम, झालं? भूक लागली." सैमिन नूडल्स खायला नेलं. त्याने दोन वाट्या संपवल्या, माझीपण त्यालाच दिली. याला मी रस्ता एकट्याने ओलांडू देत नाही. गॅसला हात लावू देत नाही. माझ्यामागे हा कोणाच्या दारात उभा राहील?

मंगळवार, ५ फेब्रुवारी

कोणाला सांगितलं नाही. सकाळपासून तीनदा भांडी घासली. भांडी स्वच्छच होती.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

ज्येष्ठांच्या हॉलमध्ये व्याख्यान होतं, मृत्युपत्र आणि ट्रस्ट. फुकट, वर चहा-डोनट. एरवी मी अशा ठिकाणी फिरकत नाही. आज पहिल्या रांगेत बसले.

फुलाफुलांच्या शर्टातला एक वकील भाव सांगत होता, बाजारात मासळीचे सांगावेत तसे. साधं मृत्युपत्र — साडेतीनशे डॉलर. ट्रस्ट, म्हणजे घर आणि पैसे आधीच एका विश्वस्ताच्या हवाली करून ठेवायचे — बावीसशेपासून पुढे. आणि डॅरलसारखं लेकरू असेल तर त्याच्यासाठी वेगळा खास ट्रस्ट — साडेचार हजारांच्या खाली कोणी बोलतच नाही!

मी हात वर केला. म्हटलं, साडेतीनशेत रीतसर मरता येत असेल तर साडेचार हजार कोण कशाला देईल? सगळे हसले. तो पण हसला. म्हणाला, "मृत्युपत्राचं खरं बिल तुम्ही गेल्यावर येतं, आन्टी. कोर्टातून. वर्ष-दीड वर्ष, आणि पाच-सहा हजार सहज." मग म्हणाला, आणि ते बिल भरायला तुम्ही नसता. पुन्हा हशा.

मी हसले नाही. दीड वर्ष डॅरल काय करेल? कोर्टाचा निकाल लागेपर्यंत त्याला जेवायला कोण वाढेल?

शाळेच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षं पाचशे पोरांचं जेवण काढलं. भाव कसा पाडायचा, कुठे काटकसर करायची, सगळं कळतं. इथे काय कमी करू तेच कळेना.

शनिवार, ९ फेब्रुवारी

क्लॅरेन्स आला. माझ्या नवऱ्याचा, एल्डनचा चुलतभाऊ. एल्डनला जाऊन सहा वर्षं झाली तरी याचं शनिवारचं जेवण आमच्याकडेच. सपाता दाराशी काढायच्या आधी शेगडीवर काय आहे ते बघतो. त्याला सांगावं लागलं, झडपेचं. तोंडातला सॉसेजचा तुकडा तसाच राहिला. मग मी वकिलाचे भाव सांगितले आणि त्याला कंठ फुटला.

"साडेचार हजार? जेरी, वेडी का काय! आपल्यात कोणी ट्रस्ट केलाय? पोरीचं नाव घराच्या कागदावर घालायचं, विषय संपला. आणि ते तर मी नि एल्डननं दोन हजार सातलाच करून ठेवलंय. चाळीस डॉलर! सही तूच केलीस की!"

केली असेन. एल्डन बोट ठेवायचा, मी सही करायची. आमच्या लेकीला, लिआनला, व्हेगासला पाठवताना कधीतरी.

खरंच, आमच्याकडे सगळे असंच करतात. घर थोरल्या पोराच्या नावे लावायचं आणि तोंडी सांगून ठेवायचं, धाकट्याला सांभाळ. वकील नको, खर्च नको. लिआन डॅरलपेक्षा तीन वर्षांनी मोठी. ती बघेल.

चाळीस डॉलर! जीव भांड्यात पडला. क्लॅरेन्सला उरलेला गोड पाव बांधून दिला.

रविवार, १० फेब्रुवारी

चर्चमध्ये एल्डनसाठी मेणबत्ती लावली. शहाणा होता माझा नवरा.

बुधवार, १३ फेब्रुवारी

शहाणा नव्हता. कोणीच नव्हतं. मीही नाही.

वकीलबाईंकडे आधीच वेळ घेतली होती, पहिली भेट फुकट, म्हणून गेले. तोयामा नाव. माझ्याच शाळेतली पोरगी निघाली! "आन्टी जेरी, तुम्ही मला भाजी संपवल्याशिवाय दूध द्यायचा नाहीत." मी म्हटलं, म्हणून तर वकील झालीस.

मग तिने संगणकावर घराचा कागद काढला आणि हसायची थांबली.

घरावर दोन नावं. माझं आणि लिआनचं. दोघांपैकी एक गेलं की सगळं घर आपोआप दुसऱ्याचं. मृत्युपत्रात मी डॅरलबद्दल काहीही लिहिलं, सोन्याच्या शाईने लिहिलं, तरी घराला ते लागू नाही. "साडेतीनशेचं मृत्युपत्र करा नाहीतर पाच हजारांचा ट्रस्ट — आज घर त्यात जातच नाही, आन्टी. तुम्ही डोळे मिटले की घर लिआनचं. तिने विकलं, तिच्यावर कोणी दावा लावला, तिचा नवऱ्याशी काडीमोड झाला — डॅरलला बोलायला जागा नाही."

मी म्हटलं, माझी पोरगी तशी नाही. ती म्हणाली, नसेलच. पण तुमच्यामागे ती अपघातात गेली तर घर तिच्या नवऱ्याकडे जाईल. तो कसा आहे?

ब्रेन्ट. दहा वर्षांत दोनदा हिलोला आला. दोन्ही वेळा पाऊस पडतो म्हणून कुरकुर.

डॅरलच्याच नावावर सगळं ठेवलं तर? तर तेही नाही. त्याच्या नावावर दोन हजारांच्या वर पैसे दिसले की सरकारी भत्ता बंद, औषधाचं कार्ड बंद. माझे बँकेतले एकसष्ट हजार त्याला मिळाले तर ते संपेपर्यंत त्याला काही मिळणार नाही, आणि संपल्यावर तो कुठे जाणार? म्हणून तो खास ट्रस्ट. घर आणि पैसे ट्रस्टचे, राहणार डॅरल. तिचा भाव अठ्ठेचाळीसशे. होनोलुलूची कंपनी विश्वस्त म्हणून ठेवली तर तिला वर्षाला तीन हजार वेगळे. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

पण हे सगळं तेव्हा, जेव्हा लिआन सही करून आपला हिस्सा परत देईल. "तिच्याशी बोला. ऑपरेशनच्या आधी."

चाळीस डॉलरमध्ये भागवलं आम्ही. पायऱ्या कठडा धरून उतरले.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

डॅरलने दिवसभर जातो त्या केंद्रातून लाल कागदाचं हृदय करून आणलं. वाकडं. फ्रीजवर लावलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

सोमवार, १८ फेब्रुवारी

दवाखान्यातून समाजसेविकेचा फोन. ऑपरेशनच्या वेळी मुलाची सोय काय? दोन-तीन आठवडे लागतील. एखाद्या केअर होममध्ये—

मी फोन ठेवला. चक्क ठेवला! असं मी आयुष्यात कोणाशी वागले नाही.

एल्डनची आत्या होममध्ये होती. सत्त्याहत्तर साली आम्ही भेटायला जायचो. मुताचा वास, खिडकीला जाळी, आत्या खुर्चीला पट्ट्याने बांधलेली. आम्हाला बघून दर वेळी एकच वाक्य — मला घरी ने. पुढच्याच वर्षी डॅरल झाला. दोन वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा असाच राहील, अशा मुलांसाठी संस्था असतात. एल्डन उठून उभा राहिला. म्हणाला, आमचं घर आहे ना.

मरताना माझ्याकडून हेच एक वचन घेतलं त्याने. डॅरल घरातच राहील. होम नाही. कधीच नाही.

हे वचन मोडून मी त्याला वर काय तोंड दाखवू?

गुरुवार, २१ फेब्रुवारी

ग्रंथालयात संगणकावर एक फॉर्म सापडला. "आपला ट्रस्ट स्वतः करा" — एकोणनव्वद डॉलर. म्हटलं, बघू तरी. नाव भरलं, पत्ता भरला. मग विचारलं, विश्वस्त कोण? आणि तो नसेल तर कोण? आणि तोही नसेल तर?

एका चौकोनात एकच नाव सुचलं. बाकीचे दोन रिकामे. ग्रंथपाल मुलगी म्हणाली, आन्टी, दहा मिनिटांनी बंद करतोय. बंदच केलं.

एवढी वर्षं या गावात काढली, अर्ध्या गावाला जेवू घातलं, आणि लिहायला दुसरं नाव नाही.

रविवार, २४ फेब्रुवारी

लिआनचा रविवारचा फोन. झडपेचं सांगितलं. तिचे एकामागून एक प्रश्न, कोण डॉक्टर, किती दिवस, मी येते. चांगली आहे पोरगी. मीच वाईट, कारण ती बोलत होती आणि मी मनात म्हणत होते, विचार, आता विचार.

नाही विचारलं. ताकाला गेले आणि भांडं पाठीमागेच राहिलं. "व्हेगासला थंडी आहे का?" असलं काहीबाही विचारून फोन ठेवला.

ती सांगत होती, ब्रेन्टने नवा ट्रक घेतला, मोठा. पैसे कुठून आले? मी विचारायला हवं होतं का? आता दिवसभर तो ट्रक माझ्या डोक्यात फिरतोय.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

क्लॅरेन्सला सांगितलं, तुझ्या चाळीस डॉलरनी काय झालंय ते. म्हणाला, "लिआन आपल्या भावाला रस्त्यावर काढेल? काहीतरीच! घरातलं घरात राहू दे, जेरी. वकील माणसाच्या मनात विष कालवतात."

कालवलं खरं. ते आता निघत नाही. डॅरल टीव्हीसमोर हसत असला की मला ट्रक दिसतो, घरासमोर विक्रीची पाटी दिसते. छातीत धडधड होते. झडपेची की भीतीची, कसं ओळखायचं?

रविवार, ३ मार्च

विचारलं.

आधी कागदावर लिहून काढलं होतं, पाठ केलं होतं. "लिआन, घराच्या कागदावर तुझं नाव आहे ते काढून ट्रस्टमध्ये घालू या, डॅरलसाठी, वकीलबाई म्हणतात." एका दमात म्हणून टाकलं.

तिच्या मागे कुठेतरी टीव्ही चालू होता. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यावर भरवसा नाही."

मी म्हटलं तसं नाही ग. ती म्हणाली, मग कसं? मी म्हटलं ब्रेन्टचा ट्रक—

ट्रकचं कशाला बोलले मी! जीभ झडली असती तर बरं.

"मॉम, मला कामावर जायचंय." आणि फोन कट.

सोमवार, ४ मार्च

फोन केला. उचलला नाही.

बुधवार, ६ मार्च

राखेचा बुधवार. पाद्रीबाबाने कपाळावर राख लावली, मातीचे आहात, मातीत जाल. हो हो, माहितेय, तारीख पण माहितेय.

लिआनचा फोन नाही.

शनिवार, ९ मार्च

तोयामाकडे. विचारलं, लिआनने सही दिलीच नाही तर? तर घर विसरायचं. बँकेतले पैसे तेवढे ट्रस्टमध्ये. एकसष्ट हजारांत भाड्याची खोली आणि दिवसभराचा मदतनीस किती वर्षं पुरेल? तिने आकडा सांगितला. दीड वर्ष.

दीड वर्ष! आणि मग?

 मला उत्तर ठाऊक होतं. होम.

येताना डॅरलला न्यायला केंद्रावर थांबले. तो आणि अजून चौघं बाटल्या-डबे वेगळे करत होते. मला बघून हात हलवला, पण काम सोडलं नाही. माझ्याशिवाय पाच मिनिटंही राहत नव्हता हा. शाळेत माझा अॅप्रन धरून उभा राहायचा. माझी याच्या बहिणीशी बोलणी बंद, हा डबे चेपतोय खुशाल.

मंगळवार, १२ मार्च

लिआनचा निरोप, एकच ओळ. "१९ ला येतेय. न्यायला येऊ नकोस, टॅक्सी घेईन."

न्यायला येऊ नकोस! हिलोच्या विमानतळावर आपलं माणूस आणायला न जाणं — असं कोणी करतं का? फुलांचा हार न घालता?

बुधवार, २० मार्च

काल आली. मी हार घेऊन गेलेच. गळ्यात घालून घेतला आणि गाडीत मागे जाऊन बसली. डॅरलने मात्र तिला घट्ट धरलं, सोडेचना.

आज सकाळी डॅरलला केंद्रावर सोडून आल्यावर ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली. माझ्या हातात बटाटा होता, सोलत राहिले. भीती वाटते तेव्हा मला हाताला काम लागतं.

म्हणाली, "तुला वाटतं मला घर हवंय."

मी म्हटलं, नाही. खोटं बोलले.

"मॉम, मी अकरा वर्षांची असल्यापासून तू मला सांगत आलीस. आम्ही गेल्यावर तू आहेस ना. माझ्या लग्नात सुद्धा ब्रेन्टच्या आईला हेच सांगितलंस. मला कोणी विचारलं? मी व्हेगासला पगारासाठी गेले असं वाटतं तुला? अर्धं हिलो जातं म्हणून गेले?"

बटाटा हातातून सुटला.

"तुम्ही मला घर ठेवलं नाहीत. तुम्ही मला डॅरल ठेवलात. चाळीस डॉलरमध्ये."

रडत होती. चव्वेचाळीस वर्षांची पोरगी, नाक तसंच लाल होतं लहानपणासारखं. मी उठून जवळ घ्यायला हवं होतं. मी काय केलं? विचारलं, मग सही करशील का?

माझीच मला लाज वाटली. पण विचारल्याशिवाय राहवेना.

ती मग हसायला लागली, रडता रडता. "करते, बाई! करते! घर घे तुझं. सही करते, दर रविवारी फोन करेन, वर्षातून दोनदा येईन. पण मी इथे येऊन राहणार नाही. हे तू ऐकून घे. मोठ्याने म्हण."

म्हटलं. लिआन इथे येऊन राहणार नाही.

म्हणताना वाटलं होतं तेवढं मेले नाही.

शुक्रवार, २२ मार्च

सह्या झाल्या. तोयामा, नोटरी, लिआन, मी. डॅरलला नवा शर्ट घालून नेलं होतं. तोयामा त्याच्याकडे वळून काही विचारायला लागली, मी म्हटलं, त्याला नको गोंधळात टाकू, त्याला यातलं कळत नाही. तो पाण्याच्या यंत्रातून पेले भरभरून सगळ्यांना देत होता.

घर ट्रस्टमध्ये. पैसे ट्रस्टमध्ये. विश्वस्त होनोलुलूची कंपनी, लिआन त्यांच्यावर नजर ठेवणार. घरात राहणारा मदतनीस शोधायचा, त्याला जागा फुकट आणि वर थोडा पगार.

मी म्हटलं, अजून एक ओळ हवी. डॅरल जिवंत असेपर्यंत त्याला या घरातून हलवू नये आणि कोणत्याही होममध्ये ठेवू नये.

तोयामाने पेन खाली ठेवलं. "आन्टी, इतकं घट्ट बांधू नका. 'शक्यतो' घालू या." मी म्हटलं, शक्यतो म्हणजे पळवाट. तीस वर्षं पुरवठादारांच्या कागदांवर शक्यतो वाचलंय मी. शक्यतो ताजी भाजी!

लिआन म्हणाली, मॉम, पुढे काय होईल कोणाला माहीत? मी म्हटलं, मला माहितेय. म्हणून तर.

त्या ओळीपायी काही पानं बदलावी लागली, वर तीनशे. एकूण एक्कावन्नशे. एका रकमेत एवढे पैसे मी एल्डनच्या अंत्यसंस्कारालाच दिले होते. पण या वेळी चेक एका झटक्यात फाडून दिला.

एल्डन, झालं बाबा काम.

सोमवार, २५ मार्च

आज दुपारी विमान. आणि सकाळी डॅरलला होममध्ये सोडून आले.

तीन आठवडे फक्त. लिआन माझ्याबरोबर होनोलुलूला, क्लॅरेन्सला स्वतःचं करता येत नाही, दुसरं कोण? कागदावर सही वाळली नाही तोवर मीच त्याला होममध्ये ठेवलं. माझं वचन मीच मोडलं.

मिसेस अग्पालो नावाच्या बाईचं घर आहे, समाजसेविकेने सुचवलेलं, चौघं राहतात. मी दारातच नाक पुढे केलं. मुताचा वास नव्हता. व्हिनेगरमध्ये शिजणाऱ्या कोंबडीचा होता. तरी न्हाणीघर बघितलं, गाद्या उलटून बघितल्या, खिडक्या उघडतात का बघितलं. बाई म्हणाली, "बघा बघा, निवांत बघा, माझी सासूपण अशीच बघते."

केंद्रावर डॅरलबरोबर काम करणारा वेस्ली तिथेच राहतो. मला माहीत नव्हतं. डॅरलला होतं.

निघताना मी त्याला सांगितलं, घाबरू नकोस, मॉम लवकर येणार, मग घरी जायचं. दहादा सांगितलं. तो म्हणाला, "ओके." मला वाटलं होतं रडेल, हात धरेल. धीर धरून उभा होता बिचारा.

मला मरायचं नाहीये. आजच का कळतंय हे इतकं? 

मंगळवार, २ एप्रिल

आहे. जिवंत.

ओळ वाकडी जाते. अक्षर बघा.

गुरुवार, ४ एप्रिल

डॅरलशी फोनवर बोलले. म्हणाला, "मॉम, पत्ते खेळतोय, नंतर." आणि ठेवला!

त्याला बोलू देत नसतील. ती बाई शेजारी उभी असेल. टाके दुखेपर्यंत रडले. नर्स म्हणाली, रडू नका, टाके उसवतील. लिआन म्हणाली, मॉम, तो खरंच पत्ते खेळत असेल. हिला काय माहीत त्याचं? तो पत्ते खेळत नाही. त्याला येत नाहीत.

सोमवार, ८ एप्रिल

परवा घरी. डॉक्टर म्हणाला झडप छान बसली, पंधरा वर्षं बघायला नको. पंधरा! हिशेब केला, डॅरल छप्पन्नचा होईल.

लिआनला म्हटलं, आधी त्याला आणायचं, मग दुकानात जायचं. एक दिवस जास्त नको तिथे. माझ्या लेकराचे काय हाल झाले असतील.

बुधवार, १० एप्रिल

डॅरलला आणायला गेलो. पिशवी भरलेली नव्हती.

मला मिठी मारली, हळू, टाक्यांना लागू न देता. मग म्हणाला, "मॉम, मी इथेच राहतो. तू रविवारी ये. रविवारी पाहुणे येतात."

मी म्हटलं, अरे, घर तुझंच आहे आता. कागद केलाय. तुला तिथून कोणीही हलवू शकत नाही, कधीच. मी असो नसो.

तो वेस्लीकडे बघू लागला, मग लिआनकडे, मग माझ्याकडे. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. एवढा घाबरलेला मी त्याला आजवर पाहिला नव्हता.

"म्हणजे मला तिथे राहावंच लागणार?"

उद्या सकाळी तोयामाला फोन करायचा. ती ओळ खोडायची.